नामंजुरीची कारणं

अप्पा कुणाकडे जेवायला गेले की चपला काढण्याआधी यजमानांच्या गाडीभोवती एक चक्कर मारतात. टायरला लाथ वगैरे मारत नाहीत, ते अडाण्यांचं काम. बोटानं टायरची नक्षी चाचपतात, पुढच्या काचेवर खडा उडाल्याची खूण आहे का ते मान तिरकी करून बघतात, आणि मग अंगात इस्त्रीचा झब्बा असला तरी एक गुडघा जमिनीला टेकून गाडीच्या पोटाखाली डोकं घालतात. आत आमटीला फोडणी पडलेली असते, यजमान "या या अप्पा" म्हणत दारात उभे असतात, आणि खालून आवाज येतो, "डावीकडच्या लोअर आर्मचा बुश गेलाय तुमचा. ही वॉफला जायची नाही."

ऑकलंडमधल्या मराठी मंडळींना याची इतकी धास्ती आहे की गणपतीच्या कार्यक्रमाला अप्पा येणार म्हटल्यावर काही जण गाडी हॉलच्या आवारात न लावता दोन गल्ल्या पलीकडे लावतात आणि नऊवारी, नथ, मोदकांचे डबे सांभाळत चालत येतात. अप्पांना ते कळतं. आरती संपली की ते प्रसाद हातात घेऊन त्या गल्ल्यांतूनही फिरून येतात.

इथे न राहणाऱ्यांना वॉफ म्हणजे काय ते सांगायला हवं. वॉरंट ऑफ फिटनेस. गाडी रस्त्यावर आणण्याइतकी सुरक्षित आहे, एवढंच तो सांगतो. गाडी दिसायला कशी आहे, एसी गार हवा देतो का, सीटवर मुलांनी काय सांडलंय, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, वायपर, सीटबेल्ट, सायलेन्सर आणि गाडीच्या सांगाड्याला लागलेला गंज, हे बघायचं, आणि पास झाली तर काचेच्या कोपऱ्यात पुढची तारीख घातलेली चिठ्ठी चिकटवायची. २०१४ पर्यंत सहा वर्षांवरच्या सगळ्याच गाड्यांना हे दर सहा महिन्यांनी करावं लागे. त्या वर्षीच्या जुलैत सरकारनं नियम सैल केला. १ जानेवारी २००० पासून पुढे पहिल्यांदा नोंदलेल्या गाड्यांना वर्षातून एकदा, त्याआधीच्या गाड्यांना मात्र सहा महिन्यांनीच. सगळा देश खूश झाला. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या होत्या त्यांनी त्या विकायला काढल्या. २०१७ च्या सुमारास अप्पांनी १९९७ सालची कोरोला घेतली.

"चुकून का, अप्पा?" मी विचारलं.

"चुकून कसा घेईन? वर्षातून एकदा म्हणजे काय तपासणी झाली का?"

या माणसाची पूर्वपीठिका ठाऊक नसेल तर हे वेडेपणाचं वाटेल. (ठाऊक असली तरी वाटतंच, पण निदान राग येत नाही.) अप्पांनी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात वीसेक वर्षं क्वालिटीत काढली. इनकमिंग इन्स्पेक्शन. अंबरनाथहून, भोसरीहून, कुठून कुठून माल यायचा, अप्पा खोक्यातला वरचा नग कधीच उचलायचे नाहीत, हात खाली घालून तळाचा काढायचे, व्हर्नियर लावायचे, आणि मापात नसला की अख्ख्या लॉटला लाल टॅग. व्हेंडर चहा पाजायचे, दिवाळीला काजूकतली आणायचे. अप्पा चहा प्यायचे, काजूकतली घरी न्यायचे आणि टॅग लावायचे. त्यांच्या सहीशिवाय त्या गेटमधून एक वायसर आत जात नव्हता.

मग मुलगा इकडे आला, मुलापाठोपाठ आईवडील आले, आणि अप्पांना दक्षिण ऑकलंडमधल्या एका शीतगोदामात रात्रपाळीची नोकरी मिळाली. खोकं आलं की यंत्र धरायचं, यंत्र 'टिक' म्हणालं की खोकं पुढे. खोक्यात काय आहे, कसं आहे, हे अप्पांना कुणी विचारत नाही. अप्पांनी सुरुवातीला दोनतीनदा सांगून पाहिलं की अमुक खोक्याचा कोपरा दबलाय. वरच्या पोरानं हसून अंगठा दाखवला आणि खोकं पुढे गेलं.

अशा माणसाला हा देश आवडण्याचं एक कारण असं की इथे सरकारनं तपासनिसांसाठी एक लांबलचक नियमावली केली आहे आणि ती इंटरनेटवर कुणालाही वाचायला खुली आहे. तिच्यात गाडीच्या एकेका भागापुढे तक्ता आहे, आणि तक्त्याचं शीर्षक आहे 'नामंजुरीची कारणं'. अप्पांनी ती छापून घेतली. मुलाच्या ऑफिसात, मुलाच्या नकळत. मुंजीत मिळालेली संध्या ते विसरले आहेत, पण सीटबेल्टच्या पट्ट्याला किती उसवण चालते हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

आणि गाड्या जपानी. क्वालिटीतल्या माणसाला जपान म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळायचं नाही. अप्पांच्या ऐन उमेदीत आपल्याकडच्या कारखान्यांत कायझेन आलं, फाइव्ह-एस आलं, इशिकावा साहेबांचा माशाच्या काट्यांचा तक्ता आला. अप्पांच्या खात्यात तो तक्ता भिंतीवर होता आणि टोयोटातून आलेली 'व्हाय-व्हाय'ची पद्धत त्यांच्या जिभेवर. काही बिघडलं की 'का' विचारायचं, उत्तराला परत 'का', असं पाच वेळा. पाचव्या 'का'पाशी खरं कारण सापडतं. त्या टोयोटाची गाडी ठाण्याला असताना मारुती ८०० चालवणाऱ्या माणसाला इथे सातशे डॉलरला मिळत होती. त्यात मारुतीलाही इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे आणि जपानहून आलेल्या गाडीलाही उजवीकडेच, त्यामुळे युरोपीय गाड्या घेणारे नवे लोक वळताना वायपर सुरू करत, तसं अप्पांचं कधी झालं नाही. हे ते अजून सांगतात.

स्वस्त का मिळते, त्याचंही त्यांनी व्हाय-व्हाय केलेलं आहे. जपानमध्ये आपल्या वॉफच्या वरताण तपासणी असते, शाकेन. नव्या गाडीला तिसऱ्या वर्षी, मग दर दोन वर्षांनी. तपासणी, कर, विमा मिळून खर्च असा घसघशीत की पुष्कळ लोक पुढचं शाकेन जवळ आलं की चांगली चालती गाडी काढून टाकतात. त्यांची वाहतूकही डाव्या बाजूनं, न्यूझीलंडचीही डाव्या बाजूनं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इथल्या सरकारनं आयातीची दारं उघडली आणि जपानच्या वापरलेल्या गाड्या जहाजं भरभरून यायला लागल्या. तोवर इथे गाड्या जोडायचे कारखाने होते, टोयोटाचा थेम्स गावात होता. १९९८ मध्ये गाड्यांवरचं आयातशुल्कच गेलं आणि त्याबरोबर ते सगळे बंद पडले. "म्हणजे जपानी माणसानं कंटाळून टाकलेल्या गाडीपुढे इथले कारखाने टिकले नाहीत," असं म्हणून अप्पा आपल्या कोरोलाच्या बॉनेटवर हात ठेवतात. हात काळा होतो. तो ते पुसत नाहीत.

गाडी त्यांनी ट्रेड मी या इथल्या खरेदीविक्रीच्या साइटवरून घेतली. कायद्यानं विकताना गाडीचा वॉफ महिन्याच्या आतला लागतो. पण घेणाऱ्यानं 'आहे तशी, आहे तिथून' घेतो असं लिहून दिलं तर चालतं. अप्पांनी आनंदानं लिहून दिलं. माऊंट रॉस्किलच्या त्यांच्या भाड्याच्या घरापुढे ती आली तेव्हा मी हजर होतो. रंग मुळात पांढरा असावा. मागच्या चाकावरच्या कमानीला पोपडे धरलेले. हॉर्न दाबला की वायपर एकदा फिरत होता. चावी फिरवल्याबरोबर डॅशबोर्डखालून एक बाई अत्यंत अदबीनं जपानीत काहीतरी म्हणाली.

"स्वागत करतेय," अप्पा म्हणाले.

वहिनी, म्हणजे अप्पांच्या सौ., तेव्हापासून गाडीत बसताना तिला रोज नमस्कार म्हणायच्या. पुढे कधीतरी मुलाच्या ऑफिसातली एक जपानी मुलगी त्या गाडीत बसली आणि उलगडा झाला. ते तिकडच्या टोलचं यंत्र होतं आणि बाई म्हणत होती की कार्ड घातलेलं नाही. वहिनींनी नमस्कार सोडला नाही. "बिचारी इतक्या वर्षांपासून सांगतेय," त्या म्हणाल्या. रेडिओचीही तीच गत. जपानचा एफएम त्या काळी ७६ पासून ९० मेगाहर्ट्झपर्यंत आणि इथला ८८ पासून १०८ पर्यंत, त्यामुळे मधल्या दोन मेगाहर्ट्झांत जे काय लागेल तेच ऐकायचं. अप्पांना रेडिओशी देणंघेणं नव्हतं. नियमावलीत रेडिओ नाही.

हातमोज्यांच्या खणात, सर्व्हिसच्या वहीखाली, त्यांना एक घडी घातलेला कागद सापडला तेव्हा मात्र ते खाली बसले. जपानमधल्या लिलावाची तपासणीची शीट. तिच्यावर गाडीचं रेखाचित्र असतं आणि त्यावर जिथे जिथे वाण तिथे तिथे अक्षर आणि आकडा: 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'डब्ल्यू' म्हणजे ठोकून सरळ केल्याची खूण, 'एस' म्हणजे गंज. आपल्याकडे पत्रिकेत कुठल्या घरात मंगळ ते दाखवतात तसंच, फक्त इथे लपवालपवी नाही. अप्पांनी ती शीट प्लास्टिकच्या कव्हरात घालून दिवाणखान्यात लावली. मुलाच्या पदवीदान समारंभाचा फोटो त्यासाठी थोडा डावीकडे सरकवावा लागला.

दुरुस्तीला हात लावण्याआधी अप्पा गाडी तपासणीला घेऊन गेले. मला बरोबर नेलं. पास होणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. "बेसलाइन लागते," अप्पा म्हणाले. केंद्रात एक उंचपुरा सामोअन तरुण होता, दंडावर नक्षीचं गोंदण, बोलायला मवाळ. त्यानं गाडी रोलरवर चढवली, ब्रेक तपासले, खड्ड्यात उतरून बॅटरी फिरवली, पहारीनं पुढच्या सस्पेन्शनला हिसके दिले. अप्पा पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभे राहून त्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर मान डोलवत होते. शेवटी त्यानं कागद आणून दिला. अकरा दोष.

अप्पांनी कागद वाचला. परत वाचला. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मागचा डावा सीटबेल्ट राहिला."

"काय झालं त्याला?"

"ओढला की परत आत जात नाही. अर्ध्यात थांबतो. तुम्ही उजवाच ओढून बघितलात."

तो पोरगा गाडीपर्यंत गेला, बेल्ट ओढला, सोडला. बेल्ट तिथेच लोंबत राहिला. त्यानं अप्पांकडे पाहिलं. "तुम्हाला गाडी नापासच करून हवीये का, ब्रो?"

"नोंद हवी," अप्पा म्हणाले.

बारावा दोष त्यानं हातानं लिहिला. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकानं स्वतःचं नुकसान दाखवून द्यावं, हे त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत असावं. त्या दिवशी अप्पा घरापर्यंत शीळ वाजवत आले.

नापास गाडी त्याच केंद्रावर २८ दिवसांच्या आत परत नेली तर फक्त राहिलेल्या बाबी बघतात. चार लोक त्या मुदतीत गाडी गॅरेजवाल्याच्या गळ्यात घालून मोकळे होतात. अप्पांनी मुदत मुद्दाम जाऊ दिली. घाईत केलेलं रिवर्क म्हणजे पुढच्या रिजेक्शनची बी, हे ठाण्याचं वचन. दारासमोरच्या उतारावर कोरोला चार स्टँडवर चढली आणि तिच्या अंगावर ठिकठिकाणी लाल टॅग आले. पुठ्ठ्याचे, सुतळीनं बांधलेले, प्रत्येकावर क्रमांक, तारीख, दोष आणि सही. नियमावलीप्रमाणे बारा, आणि अप्पांच्या स्वतःच्या मताप्रमाणे आणखी पंचवीस-तीस. रात्रपाळी करून माणूस सकाळी सातला यायचा, पोहे खायचा आणि गाडीखाली जायचा. पावसात निळी ताडपत्री. ऑकलंडला पाऊस सांगून येत नाही, त्यामुळे ताडपत्री बहुधा कायमच.

सीटबेल्टचं काम मी जवळून पाहिलं. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढायचा, परत आत जाऊ नये म्हणून गुंडाळीपाशी पक्कड-चिमटा लावायचा, आणि सगळा पट्टा कोमट पाण्याच्या बादलीत बुडवून भांड्यांच्या साबणानं हलक्या हातानं चोळायचा. जपानी माणसाचा आणि नंतरच्या दोनतीन मालकांचा वीस वर्षांचा घाम, तेल, धूळ त्या पाण्यात उतरली. पाणी आधी चहाच्या रंगाचं झालं, मग डांबराच्या. तीन बादल्या बदलल्या. मग दिवसभर पट्टा गाडीच्या दारातून बाहेर, वहिनींच्या कपड्यांच्या दोरीवर, दोन परकरांच्या मध्ये. संध्याकाळी चिमटा काढला आणि पट्टा सर्रकन आत गेला. अप्पांनी तो परत ओढला, परत सोडला. सर्रकन. वहिनींना बाहेर बोलावून ओढायला लावलं. शेजारच्या गोऱ्या आजोबांना कुंपणावरून बोलावून ओढायला लावलं. मलाही लावलं. चांगला होता, खोटं कशाला बोलू.

हे गोरे आजोबा म्हणजे अप्पांच्या आयुष्यातला कसोटीचा प्रसंग. कीवी माणसाला आठ नंबरच्या तारेचा अभिमान असतो. शेतावरच्या कुंपणाची ही चार मिलिमीटर जाडीची तार, तिनं काहीही दुरुस्त होतं अशी इथली श्रद्धा आहे, आणि त्याबरोबरचा मंत्र म्हणजे "शी'ल बी राइट". होईल सगळं ठीक. अप्पांच्या सायलेन्सरचा हँगर तुटलेला पाहून आजोबा एका सकाळी आपणहून तारेचं भेंडोळं घेऊन आले आणि पाच मिनिटांत सायलेन्सर असा आवळून टाकला की हलायचं नाव नको. अप्पा रात्रपाळीहून आले, खाली वाकले, बघितलं. भारतीय माणूस म्हणून लोकांना वाटतं की जुगाड याच्या रक्तात असणार. त्यांनी अप्पा पाहिलेले नाहीत. अप्पांनी तार सोडवली, सरळ केली, गुंडाळली आणि आभार मानून परत नेऊन दिली. वर लाल टॅग बांधला: 'अनधिकृत दुरुस्ती'. आजोबांना वाटलं ही काहीतरी हिंदू पद्धत आहे. त्यांनी तो टॅग जपून ठेवला.

टायरच्या नक्षीची खोली दीड मिलिमीटर लागते. लोक ती आगकाडीनं नाहीतर नाण्यानं अजमावतात. अप्पांनी ट्रंकेच्या तळातून मिटुटोयोचा व्हर्नियर काढला, निवृत्तीच्या वेळी कारखान्यानं दिलेला, ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटचा, आणि त्याचा मागचा दांडा चारही टायरच्या प्रत्येक खाचेत घालून मापं घेतली. डायरीत तक्ता केला. एका टायरला एका ठिकाणी १.६२ भरलं. नियमात बसत होता. अप्पांनी टायर बदलला. "प्रोसेस स्प्रेड धरायला नको?" असं त्यांनी मला विचारलं आणि मी धरायला हवा म्हणालो, कारण दुसरं काय म्हणणार.

गंजाचं मात्र व्हर्नियरनं भागलं नाही. मागच्या सीटखालचा गालिचा उचलला तेव्हा सीटबेल्ट जिथे पत्र्याला बोल्टानं आवळलेला असतो त्याच्याशेजारी रंगाला फोड आलेला होता. अप्पांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो आरपार खाली गेला, उतारावरचं गवत दिसलं. तिथे पुटी भरून वर रंग मारता येत नाही. सडका पत्रा कापायचा आणि नवा वेल्ड करायचा. माणूस आदळला तर तो पट्टा सगळं वजन त्या पत्र्यावर टाकतो, तो फाटला तर पट्टा असून नसून सारखाच. अप्पांना वेल्डिंग येत नाही. एका टोंगन पॅनेलबीटरकडे गाडी टो करून नेली आणि तिथे तो काम करत असताना अप्पा पाठीशी हात बांधून उभे. त्यानं दोनदा विनंती केली, चहाला पाठवलं. अप्पा चहा घेऊन तिथेच आले. शेवटी पॅनेलबीटरनं काळा मुखवटा दुसऱ्या हातानं पुढे केला, "घ्या, नीट बघा." त्या दोघांची आता चांगली मैत्री आहे. टोंगन माणूस वेल्ड झाला की फोटो पाठवतो आणि अप्पा मंजूर किंवा नामंजूर कळवतात.

राहिलेले भाग भंगारातून आणायचे. शहराच्या दक्षिणेला गाड्यांची मोठाली भंगाराची आवारं आहेत. दाराशी किरकोळ फी भरायची, आपली हत्यारं आपण न्यायची, हवा तो भाग आपणच उपसायचा आणि बाहेर पडताना दरपत्रकाप्रमाणे पैसे द्यायचे. अप्पा-वहिनींचे सगळे शनिवार तिथे गेले. अप्पा मेलेल्या कोरोलांच्या पोटात, आणि वहिनी एखाद्या बऱ्या अवस्थेतल्या मागच्या सीटवर धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन. एका गाडीच्या डॅशबोर्डवर त्यांना बोटाएवढा गणपती चिकटवलेला दिसला. कुणाचा कोण जाणे. त्यांनी तो काढून घरी आणला. बाहेर पडताना दारावरच्या माणसानं विचारलं, हा कुठला पार्ट? दरपत्रकात नव्हता. तसाच सोडला.

अप्पांच्या घरातला स्वयंपाकघराचा नळ गळतो, हे सांगायचं राहिलं. गाडी आली त्या आठवड्यापासून गळतो. एकदा मी जेवायला असताना अप्पा हॉर्न आणि वायपरच्या भानगडीचं व्हाय-व्हाय समजावून देत होते. वायपर का फिरतो? दोन्हीचं अर्थिंग एकच. अर्थिंग एक का? कुणीतरी मूळ तार कापली. का कापली? वहिनी पोळी तव्यावर टाकून म्हणाल्या, "भाऊजी, आता माझंही ऐका. नळ का गळतो? वायसर गेला. वायसर का बदलला नाही? हे गाडीखाली होते. गाडीखाली का होते? वॉफ आहे. वॉफ का आहे? जुनी गाडी घेतली. जुनी का घेतली?"

अप्पा विचारात पडले. "बरोबर आहे पद्धत," ते म्हणाले. "पाचवं उत्तर जरा स्पष्ट हवं."

"स्पष्टच आहे," वहिनी म्हणाल्या. "नळाला वॉफ लागत नाही."

दुसऱ्या दिवशी नळाला लाल टॅग होता. सही वहिनींची.

मुलानं मधल्या काळात आपल्या परीनं प्रयत्न केले. एका रविवारी त्यानं दारात एक टोयोटा अ‍ॅक्वा आणून उभी केली, हायब्रिड, आवाज नाही, धूर नाही, वॉफ वर्षातून एकदा. चावी वडिलांच्या हातात दिली. अप्पांनी सवयीनं खाली वाकून बघितलं. खाली सगळीकडे प्लास्टिकची आवरणं. त्यांनी टकटक करून पाहिलं, उठले, गुडघे झटकले. "छान आहे," म्हणाले, "आईला ने देवळात." कोणाचा अपमान करायचा त्यांचा हेतू नव्हता. तिथे करण्यासारखं काही नव्हतं.

कोरोला पुढच्या खेपेला चार बाबींत नापास झाली, त्यानंतर दोन, मग पास. सहा महिन्यांनी परत एक. प्रत्येक खेपेचा कागद अप्पांच्या फाइलीत आहे. सामोअन पोरगा त्यांना आता 'अंकल' म्हणायचा आणि अप्पा येणार असले की शिकाऊ मुलांना बोलावून घ्यायचा. खड्ड्यात अप्पांना उतरू देत नाहीत, पण रेघेच्या अलीकडून ते कुठे पहार लावायची ते सांगायचे. गोदामातल्या चार वर्षांत त्यांना कुणी जे विचारलं नव्हतं ते हा पोरगा विचारायचा: "अंकल, काय वाटतं?" अप्पा थोडा वेळ घ्यायचे. मग म्हणायचे, "प्ले आहे. पण मर्यादेत." असं म्हणताना त्यांचा हात खिशातल्या पेनकडे जायचा, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

मग एका खेपेला तो पोरगा रजेवर होता. जागी कुणी नवीन, कानात गाणी. त्यानं वीस मिनिटांत गाडी बाहेर आणली, चिठ्ठी चिकटवली आणि म्हणाला, "काही नाही हो, झकास आहे. एवढ्या जुन्या गाड्या अशा बघायला मिळत नाहीत."

पहिल्या फटक्यात पास. एकही दोष नाही. मी अभिनंदन केलं. अप्पा काही बोलले नाहीत. वाटेत बोलले नाहीत, घरी चहा गार होऊ दिला, आणि वहिनींनी कौतुकानं शिरा केला तो अर्धा ठेवला. रात्री त्यांनी मला फोन केला.

"त्यानं मागचे ड्रम ऐकलेच नाहीत."

"अप्पा, गाडी चांगली आहे म्हणून पास झाली."

"चांगली आहे हे त्याला कसं कळलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी रात्रपाळी संपवून अप्पा घरी न जाता थेट हार्बर ब्रिज ओलांडून नॉर्थ शोअरला गेले आणि तिथल्या एका केंद्रावर पुन्हा पैसे भरून रांगेत लागले. काउंटरवरच्या बाईनं काचेवरची चिठ्ठी पाहिली, संगणकावर पाहिलं, परत चिठ्ठी पाहिली. वॉफ कालच झालेला होता.

"तो त्यांचा," अप्पा म्हणाले. "मला तुमचं मत हवंय."

साडेदहाला माझा फोन वाजला. मागे रस्त्याचा आवाज आणि अप्पांचा आवाज त्याहून मोठा.

"नापास! मागच्या नंबरप्लेटवरचा दिवा. बाई होती तपासायला, पन्नाशीची, एकूण एक बेल्ट ओढून बघितला तिनं. काय हात आहे! मी म्हटलं, मॅडम, बल्ब परवा तर लागत होता. तर म्हणाली, परवाचं मी कसं लिहू?"

"मग बदला बल्ब, दोन डॉलरचा असेल."

"बल्ब कशाला? होल्डरच गंजला असणार. अख्खं युनिट काढून आणू. शनिवारी मोकळा आहेस ना? ही धपाटी करणार आहे, तुझी दोन जास्त सांगतो. आणि हे बघ, नळाचा वायसरही मिळतो का बघू तिथेच जवळपास, ती मागे लागलीये."